पन्नाशीत आलेला बाक

प्रश्न : माझे वय 53 आहे. सौसर तालुक्यात संत्र्याचा बगीचा आहे, थोड्या वावरात कपाशी असते. शुगरची गोळी चालू आहे. सात महिन्यांपासून लिंग ताठ झाले की वरच्या अंगाला वाकते आणि दुखते. एरवी हात लावला तर वरच्या बाजूला हरभऱ्याएवढी कडक गाठ लागते. बायकोला काही बोललो नाही. तिला वाटते मी तिला टाळतो. पांढुर्ण्यात एकाने 'गुप्तरोग' म्हणून तीन महिन्यांचा कोर्स दिला. पैसे गेले, फरक शून्य. हा कॅन्सर आहे का? तरुणपणीच्या सवयीचे फळ आहे का? एकदा गोटमारीत जांघेत दगड बसला होता, त्याचा काही संबंध? सांगावं तरी कोनाले? – एक वाचक

उत्तर : तुमच्या तीन शंकांची उत्तरे आधी देतो, कारण झोप त्यांनीच उडवली असणार. तुम्ही लिहिलेली लक्षणे पेरोनी नावाच्या आजाराशी जुळतात. हा आजार कॅन्सर नव्हे आणि पुढे त्याचा कॅन्सर होतही नाही. तरीही पत्रावरून निदान पक्के करता येत नाही, म्हणून ही गाठ एकदा डॉक्टरांनी हाताने तपासलीच पाहिजे. तरुणपणीची सवय म्हणजे हस्तमैथुन, त्याचा इथे दोष नाही. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर उडणाऱ्या दगडांनी पांढुर्णा आणि सावरगावची पुष्कळ डोकी फोडली आहेत, पण जांघेला कधीकाळी बसलेल्या मारातून हा बाक आलेला नाही. हा आजार संसर्गाचा नाही, त्यामुळे तुमच्यापासून पत्नीला काही होणार नाही आणि तिच्यापासून तुम्हालाही झालेले नाही.

मग होते काय? लिंगाच्या आत दोन लांबट पोकळ्या असतात. त्यांत रक्त भरले की ताठरता येते. या पोकळ्यांभोवती एक चिवट, पण ताणले जाणारे आवरण असते. संभोगाच्या वेळी लिंग किंचित दुमडले, तर या आवरणाला बारीक इजा होते. बहुतेकदा ती माणसाच्या लक्षातही येत नाही. बहुतेकांची जखम चुपचाप भरून येते. काहींच्या शरीरात मात्र ती भरताना नको तितका कडक व्रण धरतो. हीच तुमची गाठ. बाकीचे आवरण ताणले जाते, व्रण ताणला जात नाही. सायकलच्या ट्यूबला ठिगळ लावून हवा भरली की ट्यूब ठिगळाच्या बाजूला वळते, तसाच हा प्रकार.

व्रण कोणाचा असा धरेल यात अंगच्या ठेवणीचा वाटा असतो. म्हणून आत्ताच आपले दोन्ही तळहात उघडून पाहा. करंगळी आणि अनामिकेच्या खाली कातडीत कडक दोरी किंवा गाठ लागते का? ती बोटे पूर्ण सरळ होत नाहीत का? तसे असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. हाताचा तो आजार आणि हा आजार बऱ्याचदा एकाच माणसात सापडतात. मधुमेहात तर दोन्ही अधिक दिसतात. बिडी-सिगारेटही यात भर घालते.

आजाराला नाव मिळाले ते फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या शल्यवैद्यामुळे. पेरोनी याने 1743 मध्ये अशा रुग्णांचे वर्णन लिहिले आणि उपाय म्हणून बारेज नावाच्या डोंगरी गावातल्या झऱ्याचे पाणी सुचवले. त्या पाण्याने व्रण विरघळत नाही. पण राजाच्या वैद्याकडेही तेव्हा याहून चांगले काही नव्हते, एवढे लक्षात ठेवा. तुमच्या कोर्सवाल्याला मात्र ती सबब नाही.

त्याच्याबद्दल स्पष्टच लिहितो. लैंगिक शक्ती वाढवून देण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात करायला आपल्याकडे 1954 च्या कायद्याने बंदी आहे. तरी रेल्वे रुळांकडेच्या भिंतींवर त्या रंगलेल्या असतात, कारण तक्रार करायला कोणी येत नाही. लाजेवरच हा धंदा चालतो. माझ्या मते या आजारातले सर्वांत मोठे नुकसान व्रणामुळे होत नाही, असल्या उपचारांत गेलेल्या महिन्यांमुळे होते. पुड्या बंद करा. तेल लावून ओढणे, हाताने जोर देऊन सरळ करणे, काठीला बांधणे, यातले काहीही करू नका. नवी इजा म्हणजे नवा व्रण.

आता आजार कसा चालतो ते पाहू. पहिले सहा ते अठरा महिने तो जागा असतो. दुखते, बाक बदलतो, कधी लांबी कमी झाल्यासारखी वाटते. नंतर दुखणे बहुतेकांचे आपोआप थांबते आणि बाक एका जागी स्थिरावतो. आपोआप सरळ होण्याची आशा किती धरावी? फार नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णांत साधारण आठात एकाचा बाक कमी झाला, बाकीच्यांत तो तसाच राहिला किंवा वाढला, असे आढळले आहे. तुमचे सातच महिने झाले आहेत, म्हणजे आजार अजून जागाच असणार. या काळात शस्त्रक्रियेची घाई करणारा डॉक्टर भेटला तर दुसऱ्याचे मत घ्या. घडी अजून बसायची आहे. आज सरळ केलेले उद्या पुन्हा वाकू शकते.

या टप्प्यात दुखण्यासाठी साधी वेदनाशामक गोळी चालते, पण मधुमेह आहे म्हणून किडनीची तपासणी करून आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. व्हिटॅमिन 'ई' या आजारात वर्षानुवर्षे लिहून दिले जाते. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 च्या आपल्या सूचनांत ते देऊ नये असे म्हटले, टॅमॉक्सिफेनही देऊ नये असे म्हटले. तरी चिठ्ठीवर ते आले तर भांडू नका, फक्त 'याने बाक जाईल का?' एवढे विचारा. बाहेरून लहरींचे झटके देणाऱ्या यंत्राने दुखणे कमी होऊ शकते, बाक नाही. जाहिरातीत नेमके उलटे सांगतात.

थेट गाठीत इंजेक्शन देणे हा त्यापुढचा उपाय. त्यासाठी व्हेरापामिल किंवा इंटरफेरॉन वापरतात. व्रणातले कोलॅजन विरघळवणाऱ्या कोलॅजिनेज या इंजेक्शनला अमेरिकेत 2013 मध्ये मान्यता मिळाली, किमान तीस अंशांचा बाक आणि हाताला लागणारी गाठ असलेल्यांसाठी. चाचण्यांत त्याने बाक सरासरी तिसऱ्या हिश्श्याने कमी झाला. म्हणजे साठ अंशांचा चाळीसच्या आसपास येतो, शून्यावर नाही. लिंगाला रोज काही काळ हलका ताण देणारे उपकरणही असते. त्याचा थोडा फायदा होतो, पण चिकाटी लागते आणि ते डॉक्टरांकडून शिकूनच वापरायचे असते.

आजार सुरू होऊन वर्ष झाले, शेवटचे तीन ते सहा महिने बाक बदलला नाही आणि संबंध ठेवता येत नाहीत, अशी स्थिती आली तर शस्त्रक्रियेचा विचार करायचा. नुसता बाक आहे पण काम अडत नाही, तर शस्त्रक्रिया नको. लिंग पट्टीसारखे सरळ असलेच पाहिजे असा काही नियम नाही. सोप्या पद्धतीत गाठीला हात न लावता विरुद्ध बाजूचे आवरण टाके घालून आखडतात. बाक जातो, लांबी थोडी कमी होते, ताठरतेला धोका कमी. बाक फार मोठा असेल तर व्रण कापून तिथे दुसऱ्या ऊतीचा तुकडा बसवतात. त्यात लांबी टिकते, पण पुढे ताठरता कमी होण्याचा आणि बधिरपणाचा धोका जास्त. ताठरताच गेली असेल आणि गोळ्यांनीही येत नसेल, तर आत कृत्रिम आधार बसवतात, त्याच वेळी बाकही सरळ करतात. मुंबईचे अँड्रॉलॉजिस्ट डॉ. रूपिन शाह यांनी असा कमी खर्चाचा भारतीय आधार तयार केला. 'शाह प्रोस्थेसिस' म्हणून तो ओळखला जातो. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना दोन प्रश्न विचाराच : लांबी किती कमी होईल, आणि ताठरतेचे काय?

'सांगावं तरी कोनाले' हे तुमच्या पत्रातले सर्वांत अवघड वाक्य. मराठीत असले प्रश्न छापून उत्तरे देण्याची वाट रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 मध्ये सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाने पाडली. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून 1934 मध्ये त्यांच्यावर खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला, मासिक मात्र 1953 पर्यंत चालूच राहिले. तेव्हा लाज तुम्हाला एकट्यालाच वाटते असे समजू नका; पण सुरुवात पत्नीपासून करा. तिला वाटते आहे की आपण नकोशा झालो. हे वाटणे तुमच्या गाठीपेक्षा लवकर कडक होते. गाठ आहे, दुखते आहे, डॉक्टरांकडे जातो आहे, एवढी तीन वाक्ये पुरतात. संबंध बंद ठेवण्याची गरज नाही. घाई नको, ताठरता अपुरी असताना प्रवेशाचा प्रयत्न नको, लिंग दुमडेल अशी स्थिती टाळा; लागल्यास ताठरतेची गोळी डॉक्टरांकडून घ्या, दुकानातून परस्पर नव्हे. संबंधाच्या वेळी 'कट' असा आवाज येऊन ताठरता एकदम गेली, सूज आली, काळेनिळे झाले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठे हॉस्पिटल गाठा.

आणखी एक. हा आजार झालेल्या पुरुषांच्या एका अभ्यासात जवळपास निम्म्यांमध्ये उदासीची लक्षणे दिसली. जीव नकोसा वाटत असेल तर सरकारची 'टेलि मानस' सेवा 14416 या नंबरवर आहे, फोन करा.

जायचे कुठे? 2023 मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला तरी दुखण्यासाठी आपली माणसे नागपूरचाच रस्ता धरतात, आणि या आजारात तेच बरोबर आहे. तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलात मूत्ररोग विभाग आहे. चिठ्ठी काढताना 'गुप्तरोग' म्हणू नका, 'युरोलॉजी' म्हणा. रांगेत बाकीचे किडनी स्टोन आणि प्रोस्टेटवाले असतात, तुमच्याकडे कोणी बघणार नाही. तीन महिन्यांची शुगर, किडनीचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाने सोबत न्या. घरी ताठ अवस्थेत एक वरून आणि एक बाजूने, असे दोन फोटो काढून ठेवा. त्यावरून बाक मोजता येतो. फोन नातवंडांच्या हाती जात असेल तर फोटोंना कुलूप घाला. पुढे शस्त्रक्रियेचे ठरले तर इंजेक्शनने ताठरता आणून सोनोग्राफी करतात. तीत रक्तप्रवाहही कळतो.

प्रश्न : वय 24. लिंग पहिल्यापासून डावीकडे थोडे कललेले आहे. दुखत नाही, गाठ नाही. तुळशीच्या लग्नानंतर माझे लग्न ठरले आहे. डॉक्टरला दाखवू का? – पांढुर्णा

उत्तर : वयात आल्यापासून आहे, दुखत नाही, गाठ नाही, वाढत नाही, म्हणजे वरचा आजार तुम्हाला नाही. थोडा कल असंख्य पुरुषांना असतो आणि त्याने संबंधात अडचण येत नाही. प्रवेशच होणार नाही इतका जन्मजात बाक असेल तर तो लहानशा शस्त्रक्रियेने सरळ होतो. 'थोडे' लिहिले आहे त्यावरून तुमचे तसे दिसत नाही. मनातली शंका जात नसेल तर एकदा दाखवून या. लग्नाची तारीख बदलू नका.