सर्वाधिक ग्रँड स्लॅम कोणाच्या नावावर? आकड्यांवरून वाद घालण्याचा एक तास



वादविवादाला विषय दिला की मुलं हमखास "माझा खेळाडू भारी" इथेच अडकतात. आवाज चढतो, मुद्दा जागचा हलत नाही. म्हणून आठवी-नववीच्या वर्गात मी क्रिकेट मुद्दाम बाजूला ठेवते आणि टेनिस घेते. टेनिसमध्ये बहुतेक मुलांची बाजू आधीच ठरलेली नसते.

फळ्यावर २०१८ सालची अखेर मांडायची. रॉजर फेडरर, वय ३७, विजेतेपदं २०. राफेल नदाल, वय ३२, विजेतेपदं १७. नोव्हाक जोकोविच, वय ३१, विजेतेपदं १४. ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या वर्षातल्या चार मोठ्या स्पर्धा म्हणजे ग्रँड स्लॅम, एवढंच सांगावं. मग प्रश्न: तिघांचीही कारकीर्द संपेल तेव्हा सर्वांत पुढे कोण असेल? पुढचं ज्यांना माहीत आहे त्यांना पंच करून टाकावं, म्हणजे ती गप्प बसतात!

बहुतेक हात फेडररसाठी वर जातात. जोकोविचवर सहाची आघाडी आहे, साहजिकच आहे. इथे थांबवून सरासरी काढायला लावा. फेडररचं पहिलं विजेतेपद २००३ चं, म्हणजे १६ हंगामांत २०. नदालचं पहिलं २००५ चं, १४ हंगामांत १७. जोकोविचचं २००८ चं, ११ हंगामांत १४. भागाकार केला की १.२५, १.२१ आणि १.२७ येतात. तिघांचा वेग जवळजवळ सारखाच! मुलं इथे चमकतात. मग फळ्यावरचा २० हा आकडा तितकासा मोठा राहत नाही आणि खरा प्रश्न पुढे येतो: कोणाकडे किती वर्षं उरली आहेत, आणि तिशीनंतर हा वेग टिकेल का?

टिकणार नाही म्हणणाऱ्यांना पीट सॅम्प्रसचं उदाहरण द्या. त्याने चौदावं आणि शेवटचं विजेतेपद २००२ मध्ये ३१ व्या वर्षी जिंकलं. टिकेल म्हणणाऱ्यांना केन रोझवॉल द्या, ज्याने १९७२ ची ऑस्ट्रेलियन स्पर्धा ३७ व्या वर्षी जिंकली. खुद्द फेडररने २०१८ मध्ये तीच स्पर्धा ३६ व्या वर्षी जिंकली होती. दोन्ही बाजूंना खरा पुरावा मिळाला की वाद आपोआप शांत आणि धारदार होतो.

आता निकाल सांगा. फेडरर २० वरच थांबला आणि २०२२ मध्ये निवृत्त झाला. नदाल २२ वर थांबला, २०२४ मध्ये निवृत्त झाला. जोकोविचने २०२३ च्या अमेरिकन स्पर्धेत २४ वं विजेतेपद मिळवलं. याच आकड्यांची तिसाव्या वाढदिवसाआधीचे आणि नंतरचे अशी फोड करायला सांगा. फेडरर १६ आणि ४. नदाल १४ आणि ८. जोकोविच १२ आणि १२. तिशीपर्यंत जो सर्वांत मागे होता, तोच शेवटी पुढे. पालकांनी हा तक्ता जरा निवांत बघावा, एवढंच म्हणते.

हे सगळं आधीच दिसत होतं असं मात्र मुलांना वाटू देऊ नका. २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात फेडररकडे विजयासाठी दोन मॅच पॉइंट होते. सामना जोकोविचने जिंकला. त्यातला एक गुण उलटा गेला असता तर २१ आणि २३ झाले असते. दोघं प्रतिस्पर्धी समोरासमोर असले की एका सामन्याने फरक दोनाने बदलतो, हे गणित मुलांकडूनच काढून घ्या. शिवाय कोविडमुळे २०२० चं विम्बल्डन झालंच नाही. लस न घेतल्यामुळे २०२२ मध्ये जोकोविचला दोन ग्रँड स्लॅम खेळता आल्या नाहीत. २०१८ मध्ये बसून हे कोण सांगणार होतं?

"मग जोकोविचच सर्वश्रेष्ठ ना?" हा प्रश्न येतोच. तो वेगळा आहे, त्याला वेगळा तास द्या. रॉड लेव्हरची ११ विजेतेपदं आहेत, पण १९६३ ते १९६७ ही पाच वर्षं व्यावसायिक खेळाडू म्हणून त्याला या स्पर्धांत प्रवेशच नव्हता. त्या पाच वर्षांचं काय करायचं, यावर माझ्या वर्गाचं अजून एकमत झालेलं नाही.

गृहपाठासाठी प्रश्न: जोकोविच पंचविसावं जिंकेल का? माहिती एवढीच द्या की २०२४ आणि २०२५ मधल्या आठही स्पर्धा कार्लोस अल्काराझ आणि यानिक सिनर यांनी चार-चार वाटून घेतल्या, आणि जोकोविचचा जन्म मे १९८७ चा आहे. वहीत तीन ओळी हव्यात: अंदाज, त्याचं कारण, आणि कोणती गोष्ट घडली तर अंदाज बदलाल. तिसरी ओळ कोरी असेल तर मी वही परत देते.