दोन्ही डॅशबोर्ड हिरवे

त्या तिमाहीत आमच्या टीमला टार्गेट एकच होतं: सबस्क्रिप्शन रद्द करणाऱ्यांचं प्रमाण कमी करायचं. ‘लोकांना अडकवा’ असं कुणी म्हटलं नाही. म्हणावंच लागत नाही. एका डिझायनरने रद्द करण्याचं बटण एक पान आत सरकवलं, दुसऱ्याने ‘खरंच जाताय?’ असं विचारणारं पान घातलं, आणखी कुणी सवलतीचं. प्रत्येक बदलाची ए-बी टेस्ट झाली आणि प्रत्येक वेळी आकडा सुधारला. तो मोजायचं काम माझ्याकडे होतं. कस्टमर केअरला मात्र ‘पैसे परत कापले’ म्हणणारे फोन वाढत होते. पण ती टीम वेगळी, तिचं टार्गेट वेगळं: कॉल किती लवकर संपवला. त्यामुळे चिडलेला ग्राहक दोन्ही डॅशबोर्डांवर हिरवाच दिसायचा!

हे फक्त आमच्याकडचं नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनवर दावा लावला. प्राइम रद्द करायला ४ पानं, ६ क्लिक आणि १५ पर्याय ओलांडावे लागत होते, असं त्यात म्हटलं होतं. कंपनीत या वाटेला ‘इलियड’ म्हणत. (महाकाव्याचं नाव सुचलं, म्हणजे लांबीची कल्पना होतीच.) २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरवर तडजोड झाली.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना सांगते, मीटिंगमध्ये नीतीवर भाषण करू नका. सगळे माना डोलावतात आणि पुढची स्लाइड येते. त्याऐवजी टेस्ट सुरू होण्याआधी विचारा, कोणता आकडा बिघडला तर आपण थांबायचं? आमच्यासारख्या कामात तो रिफंडच्या मागण्यांचा. उत्तर डॉक्युमेंटमध्ये लिहून घ्या, आधीच. निकाल आल्यावर त्यात सगळ्यांची अप्रेझलं अडकलेली असतात, मग कुणी लिहून देत नाही. कस्टमर केअरचे रेकॉर्ड केलेले कॉलही अधूनमधून ऐका.

आणि कायदा हाताशी ठेवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या डिझाइनविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या १३ प्रकारांत सबस्क्रिप्शन ट्रॅप आहे. ‘हे बरोबर नाही’ म्हटलं की वाद होतो. ‘हे त्या यादीत बसतं, लीगलला विचारू का?’ म्हटलं की खोलीतला नूर पालटतो. आमच्याकडे तेवढ्या प्रश्नावर सवलतीचं पान गेलं. ‘खरंच जाताय?’ मात्र राहिलं.