वास आला तर बटण नको, दार!

फर्स्ट इयरला 'पीव्ही इज इक्वल टू एनआरटी' आपण सगळ्यांनीच घोकलंय आणि पेपर झाल्यावर विसरलोय. मीही त्यातलीच. पण गेल्या टर्मला एका रविवारी मेसच्या किचनमध्ये गॅसचा वास सुटला आणि मी शहाणपणा करून एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे हात नेला. मावशी ओरडल्या, "अगं ए, हात लावू नकोस! आधी दार उघड!" मावशी कधी केमिस्ट्री शिकल्या नाहीत, मला त्यात ७८ मार्क. तरी बरोबर त्याच होत्या. का, ते बघूया.

मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे डेन्सिटीला 'घनता' म्हणतात हे आईला फोन करून विचारावं लागलं. तर घनता. अवोगाद्रोने १८११ साली मांडलं की तापमान आणि दाब सारखे असतील तर कुठल्याही वायूच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखीच असते. म्हणजे ज्याचा रेणू जड, तो वायू जड. हवेचा सरासरी रेणुभार २९. एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन (४४) आणि ब्यूटेन (५८). सरासरी ५० धरू. म्हणजे एलपीजी हवेच्या जवळजवळ पावणेदोन पट जड!

कोणी विचारेल, वायूचे रेणू तर सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या वर पळतात, मग खाली कशाला बसतील? पळतात खरे, पण क्षणोक्षणी एकमेकांवर आपटतात, त्यामुळे मिसळायला वेळ लागतो. बंद खोलीत गळणारा गॅस आधी पाण्यासारखा खाली उतरतो आणि जमिनीलगत, कॉटखाली साचतो. वरच्या झरोक्याचा तिथे फारसा उपयोग नाही. दार मात्र जमिनीपासून उघडतं.

आता हिशोब. आपली रूम ३ × ३ × ३ मीटर, म्हणजे २७ घनमीटर. हवेत एलपीजी साधारण २ टक्के झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. २७ चे २ टक्के म्हणजे ०.५४ घनमीटर, अर्थात ५४० लिटर. तापमान ३०० केल्विन, दाब १ अॅटमॉस्फियर:

एन = ५४० ÷ (०.०८२१ × ३००) = सुमारे २२ मोल
वजन = २२ × ५० = ११०० ग्रॅम

फक्त १.१ किलो! घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो असतो. शिवाय गॅस खालीच साचत असेल तर तिथे २ टक्के व्हायला याहून कितीतरी कमी पुरतो.

हे सांगायचं कारण म्हणजे काही रूम्समध्ये रात्रीच्या मॅगीसाठी कॉटखाली ५ किलोचा छोटा सिलिंडर लपवलेला असतो. (रेक्टर सर, नावं नाही सांगणार!) पण मैत्रिणींनो, लपवायला नेमकी तीच जागा सापडली?

एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. धोक्याच्या बऱ्याच आधी नाकाला कळावं म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात. तो वास आला की कुठलंही बटण चालू करू नका, बंदही करू नका. दोन्ही वेळा आत ठिणगी पडू शकते. काडी ओढू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि बाहेरूनच १९०६ वर फोन लावा.

पेपरमध्ये हा प्रश्न येईलच असं नाही. मावशी मात्र रोज सकाळी ही परीक्षा देतात, आणि आपण जेवतो.