ईसीजी नॉर्मल, तरी पुढच्या तपासण्या कशाला?

प्रश्न : वडील 58 वर्षांचे. घाटी चढताना छाती भरून येते, थांबले की बरे वाटते. ईसीजी नॉर्मल असूनही डॉक्टर टूडी इको आणि स्ट्रेस टेस्ट सांगतात. गरज आहे का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : ईसीजी ही हृदयाच्या विद्युत्-लहरींची त्या क्षणापुरती नोंद असल्याने, विश्रांतीत ती निर्दोष आली तरी श्रमात रक्तपुरवठा पुरेसा पडतो असे तिच्यावरून ठरत नाही, म्हणून चालत्या पट्ट्यावरील स्ट्रेस टेस्ट आणि ध्वनिलहरींनी हृदयाचे आकुंचन व झडपा दाखवणारी टूडी इको सुचवणे रास्तच आहे. दोन्हींत चीरफाड नसते आणि त्या चिपळुणात होऊ शकतात. दोष आढळल्यास अँजिओग्राफीचा, म्हणजे हृदयधमन्यांच्या क्ष-किरण चित्रणाचा, विचार होतो. मात्र बसल्या जागी छाती दुखून घाम सुटल्यास, पित्त समजून सोडा घेत न बसता, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका तत्काळ बोलवावी.