उन्हाळी सावलीचे छत आणि वादळी वारा

वर्धा जिल्ह्यात फाल्गुन सरला की उन्हाचा कडाका वाढू लागतो. वैशाखात अनेक वर्षी तापमान ४५ अंश सेल्सिअसच्याही वर जाते. अशा वेळी शाळेचे आवार, आठवडी बाजार, दवाखान्याचे अंगण, पाणपोई आणि लग्नघर अशा ठिकाणी सावलीसाठी हिरवी जाळी, ताडपत्री किंवा जाड कापड ताणून बांधण्यात येते. पूर्वीच्या पऱ्हाटी-तुऱ्हाटीच्या मांडवाची जागा आता बहुतांशी या छतांनी घेतली आहे. ती हलकी, स्वस्त आणि तासाभरात उभी राहणारी आहेत. मात्र ज्या महिन्यांत त्यांची गरज असते, त्याच महिन्यांत वळवाची वादळेही येतात. म्हणून सावलीची सोय करणाऱ्यांनी वाऱ्याचाही विचार करणे अगत्याचे आहे.

या बाबतीत दोन दुर्घटना लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात जसोल येथे २३ जून २०१९ रोजी रामकथा चालू असताना वादळी वाऱ्यात मांडव कोसळला. त्यात वीजप्रवाहही उतरला आणि १४ भाविक प्राणास मुकले. अकोला जिल्ह्यातील पारस येथे ९ एप्रिल २०२३ रोजी वादळी पावसात मंदिराजवळच्या टिनाच्या शेडवर कडुनिंबाचे मोठे झाड कोसळून ७ जणांचा मृत्यू झाला. या दोन्ही ठिकाणी लोक छताच्या आश्रयाने होते.

वारा छत उचलतो

मांडव वरच्या भाराने खाली बसेल अशी सर्वसाधारण समजूत असते. म्हणून खांब जाड घेतले जातात, पण ते जमिनीत जेमतेम रोवले जातात. वस्तुतः वारा छताखाली शिरून त्यास वर उचलतो आणि छतावरून वेगाने वाहताना त्यास वरूनही ओढून घेतो. पावसाच्या तोंडावर उलटणारी छत्री हे याचेच उदाहरण होय. म्हणून छत पेलून धरण्याइतकेच ते खाली जखडून धरणे महत्त्वाचे आहे.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी ५० किलोमीटर वेगाचा वारा एका चौरस मीटरवर सुमारे १२ किलो दाब देतो. ताशी १०० किलोमीटर वेगास हाच दाब सुमारे ४७ किलो होतो. छताच्या आकारानुसार प्रत्यक्ष भार कमीअधिक होत असला, तरी १० मीटर लांब व ६ मीटर रुंद ताडपत्रीचा विचार केल्यास पहिल्या वाऱ्यात सुमारे ७०० किलो आणि दुसऱ्या वाऱ्यात सुमारे २,८०० किलो ओढ निर्माण होऊ शकते. वाळूने भरलेले पोते ५० किलोचे धरल्यास पहिल्या वाऱ्यासाठी १४ आणि दुसऱ्यासाठी ५६ पोत्यांचा भार लागेल. चार कोपऱ्यांना चार दगड बांधून भागत नाही, हे यावरून स्पष्ट होईल. जाळीतून काही वारा निघून जातो, त्यामुळे तिच्यावरील भार ताडपत्रीपेक्षा कमी असतो. तरीही तो नाहीसा होत नाही.

कायम स्वरूपाच्या छताचा हिशेब भारतीय मानक ८७५, भाग ३ प्रमाणे करावा लागतो. २०१५ साली सुधारलेल्या या मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, दिलेला आहे. शाळा किंवा ग्रामपंचायतीने लोखंडी खांबांवर कायमचे कापडी छत उभारताना खांबांचा पाया अभियंत्याकडून ठरवून घ्यावा.

जमीन आणि खांब

जिल्ह्यातील काळी कपाशीची जमीन उन्हाळ्यात आकसते व तिला भेगा पडतात. त्यामुळे मार्चमध्ये घट्ट बसलेला खांब मे महिन्यात खिळखिळा झालेला असतो. पहिल्याच पावसात हीच माती फुगते, मऊ होते आणि तिची पकड आणखी सुटते. म्हणून खांब दर आठवड्यास हलवून पाहावा. खड्ड्यात नुसती काळी माती न लोटता मुरूम व दगड घालून थरांनी ठोकावे. प्रत्येक बाहेरच्या खांबास बाहेरच्या बाजूने तिरपा ताण द्यावा आणि ताणाची खुंटी छताच्या विरुद्ध दिशेस कलती ठोकावी. वादळात वाऱ्याची दिशा अकस्मात बदलते, त्यामुळे ताण चारही बाजूंनी हवेत.

छताचा दोर विजेच्या खांबास, जुन्या विटांच्या कठड्यास किंवा वाळलेल्या झाडास कदापि बांधू नये. ओल्या कपड्यांची दोरी जितकी ताठ बांधावी तितकी ती खुंट्यांना अधिक ओढते. ताणलेल्या छतातही दोरातील ओढ वाऱ्याच्या भारापेक्षा कितीतरी अधिक होऊ शकते आणि कठडाच उपटून अंगावर येतो. मांडवातील विजेच्या तारा खांबांना उघड्या गुंडाळू नयेत. मांडवाचा वीजपुरवठा एकाच ठिकाणाहून बंद करता येईल अशी सोय असावी आणि गळतीचा वीजप्रवाह तोडणारे उपकरण बसवावे. मोठ्या झाडाच्या फांद्यांखाली लोक बसतील असे छत उभारू नये.

कापड आणि दोर

सपाट व सैल छत सर्वांत धोक्याचे असते. ते वाऱ्यात फडफडते आणि प्रत्येक हिसक्याने गाठी व रिंगा सैल होतात. पावसात त्यात पाणी साचून भार वाढतो. समोरासमोरचे दोन कोपरे उंच व उरलेले दोन कोपरे खाली ठेवले, तर कापडास पीळ बसतो, ते ताठ राहते आणि पाणी निथळते. जाळीची कड दुहेरी शिवून तीत पट्टी घालावी. दोर थेट जाळीच्या छिद्रात ओवू नये. प्लास्टिकची जाळी व दोर उन्हाने ठिसूळ होतात. बोटांनी ओढताच जाळीचे तंतू तुटू लागले, तर ती जाळी पुन्हा वापरू नये.

वेळीच उतरविणे

वरील हिशेबावरून दिसून येईल की मोठ्या वादळात तात्पुरते छत टिकविणे हा खरा उपाय नाही. ते वेळीच उतरविणे हाच खरा उपाय होय. त्यासाठी छताची एक बाजू झटपट सुटणाऱ्या गाठींनी बांधावी आणि ते उतरविण्याची जबाबदारी कोणा एका व्यक्तीवर नेमून द्यावी. भारतीय हवामान खात्याचे नागपूर येथील प्रादेशिक केंद्र विदर्भासाठी वादळी वाऱ्याचा इशारा देते व त्यात वाऱ्याचा अपेक्षित वेगही असतो. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी व दुपारी हा इशारा पाहावा.

दुपारनंतर ढग उंच चढून काळवंडले व अकस्मात गार वारा सुटला, तर वादळ जवळ आले असे समजावे. मेघगर्जनेच्या ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. त्यामुळे जोराचा वारा बहुधा पावसाआधीच येतो आणि हाती थोडीच मिनिटे उरतात. लहान झाडे डोलू लागली की वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ३० ते ४० किलोमीटर असतो. याच वेळी लोकांना पक्क्या इमारतीत न्यावे, वीज बंद करावी आणि हाताशी वेळ असल्यास छत सोडावे. छत्री आवरणे कठीण होऊ लागल्यावर मात्र कोणीही खांबास किंवा दोरास हात लावू नये. त्या वेळी छत वाऱ्यावर सोडून द्यावे व माणसे दूर करावीत. फाटलेली ताडपत्री दुसऱ्या दिवशी नवी आणता येते.