काका, होडी भाटघरात ठेवू का?

प्रश्न : पुतण्या मुंबईला नोकरीला असतो. शिडाची होडी घ्यायचं त्याच्या डोक्यात बसलंय. दोन जुन्या बघून ठेवल्यात, एक सोळा फुटांची, दुसरी चोवीस फुटांची. पण मुंबईत ठेवायला जागा मिळेना, मरीनाबिरीना सगळं भरलेलं आहे म्हणतो. आता म्हणतोय, ‘काका, आपल्या भाटघरात ठेवू.’ आमच्याकडे शेळ्या, बैल, ट्रॅक्टर सगळं ठेवून झालं, होडी कधी ठेवली नाही. धरणाच्या पाण्यात ती बारा महिने बांधून ठेवता येते का?
— एक वाचक, उत्रोली (ता. भोर)

उत्तर : बारा महिने नाही. पाऊस सरल्यापासून उन्हाळा तापेपर्यंत ठेवता येईल, तेही दोघींपैकी एकीलाच. कोणतीला ते सांगतो, पण आधी पुतण्याच्या तक्रारीकडे बघू, कारण ती अर्धीच खरी आहे.

मरीना म्हणजे होड्यांचा वाहनतळ. लाटा अडवणाऱ्या भिंतीआडचं शांत पाणी, त्यात तरंगते धक्के, प्रत्येक होडीला आपापला कप्पा, शिवाय नळ, वीज आणि पहारेकरी. (चेन्नईच्या मरीना बीचवर यातलं काही नाही, ती नुसती वाळू.) आपल्या देशात असे तळ मोजायला एका हाताची बोटं पुरतात. कोचीच्या बोळगाट्टी बेटावर एक आहे, त्यातही जेमतेम चाळीसेक होड्या मावतात. मुंबईत मरीना होणार, हे ऐकत एक पिढी म्हातारी झाली. त्यामुळे मुंबईत मरीना भरलेल्या आहेत हे म्हणणं, लग्न न झालेल्याने सासुरवासाची तक्रार करण्यासारखं आहे. मुंबईत शिडाच्या होड्या राहतात त्या उघड्या पाण्यात. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून आहे. गेटवेसमोर ज्या छोट्या पांढऱ्या होड्या डुलताना दिसतात, त्या तळाशी टाकलेल्या वजनाला साखळीने बांधलेल्या असतात. मालक छोट्या होडक्यातून तिथवर जातो आणि मग आपल्या होडीत चढतो. मे संपता संपता सगळ्या पाण्याबाहेर काढायच्या, पावसाळा जमिनीवर, आणि ऑक्टोबरनंतर पुन्हा पाण्यात. म्हणजे मुंबईकरसुद्धा बारा महिने होडी पाण्यात ठेवत नाही.

आता ही जागा भरते कशी, ते तुम्हाला गुंठ्यांत सांगतो. नांगरलेली होडी एका जागी उभी राहत नाही, वारा फिरेल तशी दोराभोवती फिरते, खुंट्याला बांधलेल्या बैलासारखी. दोर किती सोडायचा, तर पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी. कमी सोडला तर ओढ वरच्या दिशेने लागते आणि नांगर तळातून उपटून निघतो. समजा पाणी पाच मीटर खोल आहे. दोर पंचवीस मीटर, त्यात होडीची लांबी पाच मीटर, म्हणजे तीस मीटर त्रिज्येचं रिंगण. हिशेब केला तर अठ्ठावीस गुंठे भरतात. सोळा फुटांच्या एका होडीला पाऊण एकराच्या आसपास पाणी! तीच होडी मरीनाच्या कप्प्यात गुंठ्याच्या आठव्या हिश्शात बसते. शेजारशेजारच्या होड्या एकाच वाऱ्यावर एकत्र फिरतात, म्हणून रिंगणं थोडी एकमेकांत गेली तरी चालतं. पण बांधावरून भांडणं आपल्याकडेच होतात असं समजू नका.

तुम्ही म्हणाल, भाटघरात पाण्याला काय तोटा? धरण भरलं की साडेतेवीस टीएमसी. खरं आहे, पण अडचण पाणी किती यात नाही, पाणी कुठे यात आहे.

समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं. एकदा एका खाडीत मित्राचं होडकं मी धक्क्याला आखडून बांधलं आणि जेवायला गेलो. सोलकढी दुसऱ्यांदा घेतली, तिथेच चुकलो. परत आलो तर पाणी खाली गेलेलं आणि होडकं दोराला लटकलेलं, नाक वर, शेपूट चिखलात, आतली डबे-भांडी चिखलात पसरलेली. धक्क्यावर जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्या कोळ्याने मान वर न करता विचारलं, “घाटावरचे का?”

भाटघरलाही भरती-ओहोटी आहे, फक्त ती वर्षातून एकदा येते. ऑगस्ट-सप्टेंबरात भरती आणि मे-जूनमध्ये ओहोटी. धरणाची भिंत सुमारे ५८ मीटर उंच. नीरेच्या कालव्यांतून पाणी खाली बारामती, फलटणकडे जातं आणि अनेक वर्षी मे अखेरीस साठा दहा टक्क्यांच्याही खाली उतरतो. काठ हळूहळू आत सरकत जातो. सप्टेंबरात जिथे पाच मीटर पाणी बघून तुम्ही नांगर टाकाल, तिथे काही महिन्यांनी होडी गाळात आडवी असेल. मे महिन्यातही पाणी राहील अशी खोल जागा धरलीत, तर भरल्या धरणात तिथे पंचवीस-तीस मीटर खोली होते. मग दोर सव्वाशे मीटरच्या पुढे, आणि रिंगण किती एकरांचं होईल ते तुम्हीच मोजा. कायमचा धक्का बांधायचा विचार तर सोडूनच द्या, दर महिन्याला तो पाण्यापासून लांब जाईल.

म्हणून चोवीस फुटांची होडी इथे नको. त्या मापाच्या होड्यांना बहुधा तळाखाली उतरलेलं जड पातं असतं. वारा लागला तरी होडी कलंडू नये म्हणून शिसं किंवा लोखंड घालून केलेलं ते वजन, त्याला कील म्हणतात. जे-२४ नावाची या लांबीची एक प्रसिद्ध जात आहे. तिचं वजन चौदाशे किलोच्या घरात, आणि पाण्याखाली ती चार फूट उतरते. ती गाळात बसली की तुमचा ट्रॅक्टर, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणि अख्खी आळी लागेल. सोळा फुटांच्या होडीचं पातं वर ओढून घेता येतं, आणि तिचं वजन दीड-पावणेदोनशे किलो. चौघांनी उचलून चाकांच्या गाड्यावर ठेवली की झालं. जी होडी सरकणाऱ्या काठाच्या मागे चालत जाऊ शकते, तीच इथली.

पुतण्याला मे महिन्यात बोलवा, होडी घेण्याच्या आधी. समुद्रात तळ कसा आहे हे कळायला नकाशे लागतात, भाटघर दर उन्हाळ्यात आपला तळ उघडा करून दाखवतं. वेळवंडीच्या खोऱ्यात कांबरे गावाजवळचं कांबरेश्वराचं मंदिर वर्षातले बरेच महिने पाण्याखाली असतं आणि उन्हाळ्यात वर येतं, ते तुम्हाला सांगायला नको. त्या मंदिराचा दगड, जुन्या गावठाणांची जोती, झाडांचे बुंधे, हे सगळं सप्टेंबरात पाण्याखाली डोळ्यांआड असतं. पातं आपटायला किंवा नांगर अडकायला एवढं पुरे. चालत जाऊन बघा, मोबाइलमध्ये जागा टिपून ठेवा. उतार सपाट हवा, मुरूम हवा. नुसत्या काळ्या गाळात गाड्याची चाकं रुततात. आणि एक बघा, ती जागा कुणाची गाळपेर तर नाही ना? पाणी ओसरल्यावर तिथे पीक घेणाऱ्याला आधी विचारलेलं बरं. होडीवर नजर ठेवणारा माणूसही बहुधा तोच मिळेल, आणि होडीला मरीनापेक्षा अशा माणसाची गरज जास्त असते.

धरणाचं बुडीत क्षेत्र जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहे, तेव्हा लेखी परवानगी त्यांच्याकडूनच. १९१७ चा जुना कायदा जाऊन आता २०२१ चा इनलँड व्हेसल्स कायदा आला आहे. इंजिन लावलं की तपासणी, नोंदणी, विमा सगळं मागे लागतं. बिनइंजिनाच्या होडीची नुसती नोंद करण्याचं काम सरकार पार ग्रामपंचायतीपर्यंत सोपवू शकतं, अशी सोय त्यात ठेवलेली आहे. तुमच्या ग्रामसेवकांना हे विचारलंत तर त्यांचा चेहरा कसा होतो ते मला कळवा. वारा पडला की काय करायचं म्हणून पुतण्या इंजिनासाठी हट्ट धरेल. त्याला दोन वल्ही घेऊन द्या.

वाऱ्याचंही सांगून ठेवतो. दोन्ही बाजूंनी डोंगर असलेल्या दरीत वारा सरळ येत नाही. एका घळीतून येतो, थांबतो आणि उलट्या बाजूने थोबाडीत मारतो. एप्रिल-मेमध्ये वळीव येण्याआधीचा सोसाटा तर आडवी गोष्ट उभी करतो. तेव्हा होडी काठावर, डोलकाठी उतरवलेली, दोन बाजूंनी जमिनीत पहारी ठोकून बांधलेली हवी. आणि धरण भरत आलं की भिंतीच्या बाजूला फिरकायचं नाही. तिथले ४५ दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठरलेल्या पातळीला आलं की आपोआप उघडतात. लाइफ जॅकेट अंगात हवं, होडीत ठेवलेलं नको.

एवढं ऐकूनही पुतण्याने मोठीच घ्यायची म्हटलं, तर तिची जागा वरंधा घाटाच्या पलीकडे, कोकणातल्या एखाद्या खाडीत. भोरहून घाट उतरला की महाड, आणि महाडची सावित्री पुढे बाणकोटला समुद्राला मिळते. तिथे महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात चौकशी करायची आणि एखादा जाणता तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, गाठायचा. खाडीच्या तोंडाशी वाळूचे बांध असतात, भरतीची वेळ बघूनच आतबाहेर करावं लागतं. ओहोटीला कितीतरी होड्या चिखलात बसतात आणि भरतीला उठतात. कोळ्यांना त्याचं काही वाटत नाही, त्यांच्या होड्यांचे तळच तसे बेतलेले असतात. खाली उतरलेल्या पात्याची होडी मात्र कुशीवर पडते.

पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की या होड्या वर ओढतात. दृश्य बघण्यासारखं असतं. वाळूवर ओंडके आडवे टाकलेले, दोराला वीस-पंचवीस माणसं, एक जण लय धरून ओरडतो आणि त्या ओरडण्यावर होडी हातभर पुढे येते. मागचा मोकळा झालेला ओंडका दोन पोरं पळवत पुढे नेऊन टाकतात. वर आली की टेकू लावायचे आणि झावळ्यांनी शाकारायची, घर शाकारतात तशीच. नारळी पौर्णिमेपर्यंत मग तिच्या सावलीला कोंबड्या.

ही विवंचना आजची नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराचं प्रकरण आहे. पावसाळ्याची छावणी कुठे करावी, हे त्यात खुलाशाने सांगितलंय. मोठे वारे सुटायच्या आधीच जहाजं आत घ्यावीत, छावणी दरवर्षी एकाच बंदरात करू नये, सगळं आरमार एका ठिकाणी गोळा करू नये, पहारा ठेवावा. एकाच बंदरात का नको? कारण खलाशांची एवढी फौज मुक्कामाला आली की आसपासच्या रयतेला उपद्रव होतो. पार्किंगमुळे शेजाऱ्यांना होणारा त्रास तीनशे वर्षांपूर्वीही कुणीतरी लक्षात घेतला होता! राजाराम महाराज जिंजीला असताना ज्या दोघांनी इकडचा कारभार सांभाळला, त्यांतले एक हे रामचंद्रपंत आणि दुसरे शंकराजी नारायण सचिव, तुमच्या भोर संस्थानाचे मूळ पुरुष. तेव्हा होडी ठेवण्याचा विषय भोरला अगदीच परका नाही. त्या काळची कायमची सोय बघायची असेल तर विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे जा. वाघोटणच्या खाडीत खडक फोडून केलेली मराठ्यांची गोदी आहे, लांबी साडेतीनशे फुटांच्या आसपास. भरतीला जहाज आत आणायचं, पाणी ओसरलं की ते कोरडं, मग डागडुजी. मुंबईला जे अजून जमत नाही ते तिथे छिन्नी-हातोड्याने झालेलं आहे.

तर सोळा फुटांची. ती मुंबईहून टेम्पोत येईल, कापूरहोळला वळली की घरच्या रस्त्याला लागली. पाऊस उघडला की पाण्यात, पाणी फार खाली गेलं की परत उत्रोलीला. गोठ्याचं दार मात्र आजच मोजा. या मापाच्या होड्या साधारण सहा फूट रुंद असतात, आणि उपडी घालूनच ठेवायच्या, नाहीतर आत पाणी साचतं आणि मग डास. आडव्या केल्या तर अरुंद दारातूनही जातात. डोलकाठी वीस फुटांच्या पुढे भरेल, ती आत मावणार नाही. ओटीच्या वळचणीखाली, पूर्वी इरजिकीचे नांगर टांगायचे तिथे लोखंडी कड्या अजून असतील तर त्यांना अडकवा. शीड घडी करून खाटेवर, उंदरांच्या उंचीच्या वर.