अभियंता आणि महाजाल

कोणतेही मोठे बांधकाम हाती घेण्यापूर्वी अभियंत्याला पुष्कळ गोष्टी जाणून घ्याव्या लागतात. नदीवर पूल बांधावयाचा असला, तर नदीला पूर किती येतो, तळाशी खडक किती खोल आहे, त्या प्रदेशात भूकंपाचा धोका कितपत आहे, पोलाद कोणत्या प्रतीचे वापरावे, अशा शेकडो प्रश्नांची उत्तरे त्याला हवी असतात. एवढी माहिती एका माणसाच्या डोक्यात मावणे शक्य नाही. म्हणून ‘मला सर्व काही ठाऊक आहे’ असे चांगला अभियंता कधी म्हणत नाही. कोणती गोष्ट कोठे शोधावी, हे मात्र त्याला अचूक ठाऊक असते.

पूर्वी हा शोध मोठ्या कष्टाचा असे. शहरातील ग्रंथालयात जावे, जाडजूड ग्रंथ चाळावेत, टिपणे उतरून घ्यावीत. परदेशातील एखाद्या कारखान्याला पत्र धाडावे आणि उत्तराची वाट पाहत आठवडेच्या आठवडे थांबावे. नोकरीच्या शोधाचीही तीच गत होती. वर्तमानपत्रांतील जाहिराती कापून ठेवावयाच्या, अर्ज टपालाने पाठवावयाचे आणि पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसावयाचे. आडगावातील तरुणाच्या हाती वर्तमानपत्र पडेपर्यंत कित्येकदा अर्जाची मुदतही टळून गेलेली असे. बुद्धी खेड्यातही होती. परंतु माहिती आणि संधी शहराच्या आसपासच घुटमळत असत.

ही स्थिती पालटण्यास कारण झाले ते संगणकांचे महाजाल, म्हणजेच इंटरनेट. त्याचा आरंभ मोठा गमतीचा आहे. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेतील लॉस अँजेलिस येथील विद्यापीठातून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाकडे पहिला संदेश धाडण्यात आला. ‘लॉगिन’ हा इंग्रजी शब्द पाठवावयाचा होता. पण ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोनच अक्षरे पोहोचली आणि यंत्रणा बंद पडली! अभियंत्यांनी धीर सोडला नाही. दोष दूर करून सुमारे तासाभराने त्यांनी पुन्हा प्रयत्न केला आणि तो यशस्वी झाला.

या जाळ्यातून संदेश कसा जातो, हेही समजून घेण्यासारखे आहे. मोठा संदेश एकसंध न जाता त्याचे लहान लहान तुकडे केले जातात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि क्रमांक असतो. वाटेतील यंत्रे पत्ता वाचून त्या त्या तुकड्याला मोकळा मार्ग दाखवितात. मोठे वऱ्हाड चार-पाच गाड्यांत बसून निरनिराळ्या वाटांनी निघावे आणि लग्नमंडपी पुन्हा एकत्र जमावे, तसाच हा प्रकार होय. मुक्कामी पोहोचल्यावर तुकडे क्रमाने जुळविले जातात; एखादा हरवला, तर तो पुन्हा मागविला जातो. विंटन सर्फ आणि रॉबर्ट कान या दोघा शास्त्रज्ञांनी या देवघेवीचे नियम घालून दिले व १ जानेवारी १९८३ पासून त्या जाळ्यावर ते लागू झाले.

पुढे स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहराजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत एक अडचण उभी राहिली. तेथे नाना देशांचे शास्त्रज्ञ येत, काही काळ काम करीत आणि निघून जात; त्यांच्याबरोबर त्यांनी मिळविलेली माहितीही विखुरली जाई. यावर उपाय म्हणून टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये एक योजना मांडली. संगणकांवरील पाने एकमेकांना अशी जोडावीत, की एका पानावरील शब्दाला स्पर्श करताच दुसरे पान समोर यावे. यातूनच विश्वव्यापी जाळे जन्माला आले. १९९३ मध्ये सर्नने ते सर्व जगाला विनामूल्य खुले केले. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली.

आज तालुक्याच्या गावी काम करणारा अभियंताही या महाजालाच्या साहाय्याने जगातील ज्ञानभांडारापर्यंत पोहोचू शकतो. काँक्रीट, पोलाद, विजेच्या तारा यांची गुणवत्ता कशी असावी, याविषयी भारतीय मानक ब्यूरोने ठरविलेली मानके तो संगणकावर पाहतो. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या ‘भुवन’ या दालनात उपग्रहांनी टिपलेली भूमीची चित्रे पाहून तो ओढे, नाले, डोंगर व वस्त्या न्याहाळतो. भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये ‘एनपीटीईएल’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यामुळे नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने त्याला घरबसल्या ऐकता येतात. एवढे करूनही शंका उरली, तर दूरच्या एखाद्या अनुभवी अभियंत्याला तो पत्राने प्रश्न विचारतो आणि कधी कधी त्याच दिवशी उत्तर मिळते.

परंतु माहिती सुलभ झाली, म्हणून काम सुलभ झाले असे मात्र नाही. समुद्रात टाकलेल्या जाळ्यात मासळीबरोबर शेवाळही येते. महाजालाचेही तसेच आहे. त्यात खऱ्याशेजारी खोटे आणि नव्याशेजारी जुने पडलेले असते.

भूकंपाच्या नकाशाचेच उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी व आसपासची गावे भूकंपाने हादरली. दगडमातीची जड घरे कोसळून हजारो माणसे झोपेतच प्राणास मुकली. भारताच्या १९८४ च्या मानकात देशाचे भूकंपदृष्ट्या पाच विभाग पाडलेले होते आणि किल्लारीचा प्रदेश त्यांतील सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात दाखविलेला होता. अशा अनुभवांनंतर नकाशाचा फेरविचार झाला. २००२ च्या आवृत्तीत पहिला विभाग काढून टाकून तो दुसऱ्यात विलीन करण्यात आला आणि विभाग चारच राहिले. परंतु जुन्या नकाशाची प्रत महाजालावरून आपोआप नाहीशी होत नाही. ‘मी आता कालबाह्य झालो आहे’ असे नकाशा स्वतः सांगत नाही. ते वर्ष पाहून ओळखणे, हे अभियंत्याचे काम. घाईने जुना नकाशा उचलून कोणी शाळेची इमारत आखली, तर त्या चुकीची किंमत कोणाला मोजावी लागेल?

एककांच्या बाबतीतही अशीच दक्षता हवी. १९९९ मध्ये अमेरिकेचे एक यान मंगळाजवळ पोहोचून नष्ट झाले. एका गटाने बलाविषयीचे आकडे ब्रिटिश पद्धतीच्या एककांत दिले होते. दुसऱ्याने ते मेट्रिक पद्धतीचे समजून गणित केले. हिशेब करणाऱ्यांत कुशल माणसांची उणीव नव्हती. परंतु ‘हा आकडा कोणत्या एककात आहे?’ हा साधा प्रश्न वेळीच विचारला गेला नाही.

नोकरीच्या शोधातही महाजालाने मोठा पालट घडविला आहे. भारतात ‘नोकरी डॉट कॉम’ १९९७ मध्ये सुरू झाले. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ‘राष्ट्रीय करिअर सेवा’ हे दालन उघडले. तरुण अभियंता आपले शिक्षण, अनुभव व कौशल्य यांची नोंद अशा ठिकाणी करून ठेवतो. त्याला साजेशी जागा निघाली, की तिची सूचना त्याच्या भ्रमणध्वनीवर येते. सार्वजनिक क्षेत्रातील अनेक कंपन्या ‘गेट’ या परीक्षेतील गुण पाहून उमेदवार निवडतात. तिचा अर्जही संगणकावरूनच भरावयाचा असतो. काही वेळा मुलाखतही पडद्यासमोर बसूनच होते. गाव दूर आहे, म्हणून अर्जाची मुदत टळण्याचे दिवस आता राहिले नाहीत.

तथापि, येथेही लबाड माणसे टपलेली असतातच. मोठ्या संस्थेचे नाव व चिन्ह छापून ते खोटी नेमणूकपत्रे पाठवितात आणि ‘आधी इतके रुपये भरा’ असे सांगतात. आईबापांनी काटकसरीने साठविलेला पैसा अशा रीतीने एका दिवसात नाहीसा होतो. समंजस उमेदवार नेमणूकपत्र हाती येताच हुरळून जात नाही. तो त्या संस्थेच्या अधिकृत दालनात जाऊन जागा खरोखर निघाली आहे काय, हे पाहतो. संस्थेला स्वतः विचारतो. आणि पैसे मागणाऱ्याला एक पैसाही देत नाही. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय साहाय्य-क्रमांकावर विनाविलंब कळवितो.

सारांश, माहिती पुलाविषयी असो वा नोकरीविषयी, तिला काही प्रश्न विचारलेच पाहिजेत: हे कोण सांगतो? केव्हा सांगितले? कोणत्या स्थळासाठी व कोणत्या मापात? दुसऱ्या विश्वसनीय ठिकाणीही हेच आढळते काय? महाजाल माहिती क्षणात पुढे ठेवते. तिची पारख मात्र माणसालाच करावी लागते.

पुलावरून जाणारा वाटसरू तो पूल बांधणाऱ्या अभियंत्याला ओळखत नाही. त्याने कोणते ग्रंथ वाचले, कोणते आकडे कोठून घेतले, हे तो विचारीत नाही. तो निर्धास्तपणे पाऊल टाकतो. हा विश्वास सार्थ ठरविणे, हेच अभियंत्याच्या साऱ्या ज्ञानाचे प्रयोजन होय.

स्वाध्याय

१. पूर्वी अभियंत्याला माहिती व नोकरी मिळविण्यात कोणत्या अडचणी येत असत?
२. महाजालातून संदेश कसा जातो, ते पाठातील दृष्टान्ताच्या आधारे सांगा.
३. किल्लारीच्या भूकंपाचे उदाहरण पाठात कशासाठी दिले आहे?
४. ‘जाळ्यात मासळीबरोबर शेवाळही येते’ या वाक्याचा आशय आपल्या शब्दांत लिहा.
५. वर्तमानपत्रात वा महाजालावर वाचलेली एखादी बातमी घ्या आणि पाठात दिलेले प्रश्न विचारून तिची पारख करा.